यंत्रमुखी गळती लागली ते समयीची हकीकत

श्री. वर मेघ, खाली झरा, आणि मधल्या अवघ्या वाटेवर नळ, ऐसी जिची तीन ठाणी, ती जलदेवता लिहिणारास व वाचणारास प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत दुसऱ्या मजल्याच्या राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. कोणी म्हणतील, एका नळाच्या गळतीची काय बखर लिहावी. त्यांस उत्तर हेच की, ज्याच्या घरी गळती लागली नाही त्याने हसावे, बाकीच्यांनी पुढे वाचावे. अधिकउणे असेल ते लिहिणाराचे, पाणी मात्र खरे.

त्या राज्याचे धनी राजश्री भास्करपंत. राज्य म्हणावे तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे लोखंडी जाळीची गॅलरी, इतकेच. परंतु धन्याची कीर्ती थोर. नगराच्या पाणीखात्यात चौतीस वर्षे चाकरी केली, हाती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, ती रस्त्यातल्या खड्ड्यात उतरवून फिरविली म्हणजे अवघ्या पेठेस पाणी जावे, आणि उलटी फिरविली म्हणजे रयत घागरी घेऊन रस्त्यावर यावी, ऐसा अधिकार. कोणाच्या घरी लग्न निघाले म्हणजे पंतांनी त्या आळीस अर्धी घटका पाणी अधिक सोडावे, परंतु आपल्या सासुरवाडीच्या आळीस एक पळही अधिक दिले नाही, आणि त्यावरून मेहुण्याने सात वर्षे बोलणे टाकिले तरी दिले नाही, ऐसे कडक. आता वय एकाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, चावी खात्यात जमा झालेली. परंतु नळाचा विषय निघाला म्हणजे आवाज अद्याप तोच.

त्यांच्या राणीसाहेब कुमुदिनीबाई. बाईंनी एकेचाळीस वर्षे राज्याची वस्त्रे आपल्या हातांनी धुतली, आपटली, पिळली आणि वाळत घातली, आणि त्याची कोणी नोंद ठेविली नाही. मग तीन वर्षांमागे नगरावर चिकुनगुनियाची स्वारी आली, आणि ताप आला तैसा गेला, परंतु जाताना बाईंच्या बोटांच्या पेरापेरांत ठाणी देऊन गेला. पेरे सुजली, मूठ मिटेना, बरणीचे झाकण फिरेना. ऐसे असता एके सकाळी बाई मोरीत चादर पिळत होत्या, ती हातांतून निसटली, पुन्हा धरिली, पुन्हा निसटली, आणि बाई तैशाच ओल्या फरशीवर बसून रडल्या. हे पंतांनी दारातून पाहिले. पंत धुलाईयंत्राचे जुने वैरी, "त्यात कपडे घुसळतात, धूत नाहीत," हे त्यांचे ठरलेले वाक्य. परंतु तिसरे दिवशी धुलाईयंत्र दोन हमालांच्या खांद्यावर जिना चढून गॅलरीत दाखल जाहले. पांढरे शुभ्र, पोटास काचेचा गोल दरवाजा. तो पहिला आठवडा बाई यंत्रासमोर पाट मांडून बसत आणि काचेतून पाहत. "अहो, बघा तरी," म्हणत, "माझी चादर कशी गरगरा फिरतीय, आणि मी इथं नुसती बसलीय!" ऐसे आश्चर्य त्या घरात पूर्वी जाहले नव्हते. पंत वर्तमानपत्राआडून पाहत आणि मनात धन्य होत.

पुढे आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याचे जे हत्यार त्याने ते पुजावे, ही चाल. पंतांनी विचार केला की, चावी तर खात्यात जमा, मग आमचे हत्यार कोणते, आणि मग दृष्टी यंत्राकडे गेली. खात्यात असता दर नवमीस टाकीखालच्या मोठ्या व्हॉल्व्हची पूजा होई, आणि ती वरवर नव्हे, जेथून पाणी निघते त्या मुखाची, ऐसा शिरस्ता. तोच शिरस्ता पंतांनी घरी चालविला. नळाची तोटी बंद केली, यंत्रास पाणी नेणारा पाईप तोटीवरून सोडविला, त्याच्या टोकाचा प्लास्टिकचा नट पाटावर उताणा ठेविला, आतील काळे रबरी वायसर काढून धोतराच्या सोग्याने पुसले, वायसर बसते त्या नटाच्या खाचेत बोटभर कुंकू लाविले, झेंडू वाहिला आणि अक्षता वाहिल्या. पंतांचा हात देवाच्या कामी आखडता नाही. जेथे चार दाणे पुरेत तेथे मूठ. मग सर्व झटकले, फुंकर मारिली, वायसर बसविले, नट आवळला, आणि यंत्राच्या गळ्यात हार घालून पंत म्हणाले, "आता याला वर्षभर काही होत नाही."

दुसरे दिवशी दसरा. लोक सोने वाटीत असता यंत्रमुखी, म्हणजे तोटीवरच्या नटाशी, थेंब दिसला. टप्, मग थोडा वेळ काही नाही, मग टप्. थेंबास किंचित लाल झाक होती. बाई म्हणाल्या, "पाणी लालसर दिसतंय हो." पंत म्हणाले, "टाकीचा गंज. मला नको सांगू, अशा टाक्या मी चौतीस वर्षं बघितल्यात." मग पंतांनी पांढरी टेफलॉनची पट्टी आणिली आणि तोटीच्या आट्यांवर पाच फेरे गुंडाळून नट पुन्हा चढविला. थेंब एक प्रहर थांबला आणि मग पूर्वीपेक्षा दाट पडू लागला.

एकादशीस खालच्या मुलुखाचे धनी गुलाबराव वर आले. गुलाबराव स्वभावाने भला माणूस, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान, एकच कन्या, आणि तिचा साखरपुडा वद्य द्वितीयेस त्याच घरी होणार. सबब चार दिवसांमागे अवघे घर रंगवून घेतले होते, छतास मोतिया रंग, आणि ज्या खोलीत पाहुणे बसावयाचे तिच्या नेमक्या कोपऱ्यावर वरच्यांची गॅलरी. गुलाबराव दारात उभे राहून म्हणाले, "आप्पा, रागावू नगा, पर छताला वल आलीया. बशीएवढी. व्याही मंडळी बसायची तिथंच, बगा." पंत म्हणाले, "गुलाबराव, तुम्ही निर्धास्त राहा. पाण्याचं काम आहे ना? मग ते माझं काम." गुलाबराव म्हणाले, "माझ्या वळखीचा मिस्त्री हाय, धाडू का?" हे शब्द ऐकिले आणि पंतांचा चेहरा ऐसा जाहला की गुलाबराव तैसेच जिना उतरून गेले.

मग पंतांनी माळ्यावरून जुनी पेटी काढविली. तीत सुतळी, सांधे लिंपावयाच्या सफेद्याचा डबा आणि दोन हातांचा पाना, ही खात्यातील जुनी आयुधे. लोखंडी पाईपाच्या काळी सुतळी आणि सफेदा यांनी मोठमोठ्या गळत्या जेरीस आणिल्या होत्या, म्हणून पंतांनी पट्टीवर सुतळी गुंडाळिली, सुतळीवर सफेदा थापिला, आणि नटाच्या पोटात पहिल्या वायसरावर दुसरे नवे वायसर बसविले. ते समयी बाई मागे कंदील धरावा तैसी विजेरी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी काय म्हणते, ते आतलं आधीचं वायसर एकदा काढून—" पंत मागे न पाहता बोलिले, "ते मी नवमीला स्वतः पुसून बसवलंय. त्याला काय धाड भरलीय? हे पाण्याचं खातं आहे, कुमुद. तुझं स्वयंपाकाचं." बाईंनी विजेरी खाली केली नाही. बखरकारास येथे लिहावयास लाज वाटते, परंतु घडले ते लिहिले पाहिजे.

त्रयोदशीचे दिवशी सकाळी सहा वाजता नगराचे पाणी आले, आणि त्या दिवशी जोर ऐसा की पंतांच्या काळीही क्वचित. नटाखाली पट्टी, सुतळी आणि सफेदा यांचा थर इतका जाड की नटास दोन आटेसुद्धा धड सापडले नव्हते, आणि आत वायसरावर वायसर. पंत पाना लावून आणखी आवळावयास गेले आणि तोच नट उडाला, पाईप सापासारखा उसळला, आणि पाण्याची धार जी निघाली ती प्रथम पंतांच्या छातीवर, मग भिंतीवर, मग वाळत घातलेल्या कुरडयांवर. पंत तोटी शोधीत आहेत, चष्मा पाण्याने आंधळा, एका डोळ्यात मोतीबिंदू, बाई हाका मारीत आहेत, "डावीकडे! अहो, डावीकडे!", आणि पंत चौतीस वर्षांच्या सवयीने उजवीकडेच चाचपीत आहेत, ऐसा घोर प्रसंग. अखेरीस बाईंनी स्वयंपाकघरातील मुख्य नळ कोपराने ढकलून बंद केला तेव्हा धार थांबली. गॅलरीत घोट्याएवढे पाणी उभे होते. ते पाणी पंत पाहत राहिले. जे पाणी आयुष्यभर हुकमात वागले, ते आज घरात शिरून धन्याची टोपी तरंगवीत होते, हे पाहून पंत क्षणभर राग विसरले आणि थक्क जाहले.

इतक्यात गुलाबराव धावत वर आले, अंगात बनियन, हातात बादली. म्हणाले, "आप्पा, आता काय म्हणू तुमास्नी? सतरंजी भिजली, कोपरा समदा पिवळा झाला. माजी एकुलती पोरगी हाय हो. पाहुण्यांम्होरं छत ठिबाकलं तर मी तोंड कुठं लपवू?" आवाजात राग थोडा आणि कळवळा फार, तोच पंतांस अधिक लागला. अपमान, ओली वस्त्रे आणि खरी लाज ही तिन्ही एकत्र जाहली आणि पंत बोलून गेले, "द्वितीयेच्या आत एक थेंब जरी पडला, तर हे यंत्र मी घरात ठेवणार नाही. हमाल बोलावून खाली उतरवतो. भास्करचा शब्द आहे." शब्द दिला आणि वळून पाहिले तो दारात कुमुदिनीबाई, हाती पोछा. त्यांनी पोछा खाली ठेविला. आपल्या हातांकडे एकदा पाहिले आणि ते पदराखाली घेतले. ते पंतांनी पाहिले. परंतु शब्द गेला तो गेला, पंतांचा शब्द चौतीस वर्षांत कधी परत आला नव्हता.

चतुर्दशीस तोटी बंद, यंत्र मुके. बाईंनी मोरीत बादली मांडिली आणि वस्त्रे हातांनी धुवावयास बसल्या. पंत वर्तमानपत्र धरून बसले होते, ते उलटे होते हेही त्यांस कळले नाही. सदरे जाहले, टॉवेल जाहले, मग चादर आली. मूठ मिटत नव्हती म्हणून बाईंनी चादर नळास वेढा देऊन मनगटावर गुंडाळिली आणि अंगाचा भार टाकून पिळू लागल्या. पाणी थोडे निघे आणि तोंडातून कण्हणे निघे, ते त्या आतल्या आत गिळीत. पंत उठले, मोरीत गेले, आणि चादरीचे दुसरे टोक धरिले. दोघांनी दोन बाजूंनी पिळले. एकेचाळीस वर्षांत पंतांनी चादरीचे टोक धरिले ते हे पहिले. ओली चादर इतकी जड असते हे त्यांस ठाऊक नव्हते. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. होईल मला सवय परत." इतकेच बोलल्या, आणि तेही समजुतीच्या स्वरात, परंतु पंतांस ते ऐकवले नाही. ते देवघरापुढे जाऊन उभे राहिले आणि मनात म्हणाले, देवा, गावाला पाणी दिलं, घरातला एक थेंब मला थांबवता येईना, आणि त्याची शिक्षा हिच्या हातांना का?

पौर्णिमेचा दिवस उजाडला. पंत स्वयंपाकघरात पाटावर बसून होते, पेटी पुढे, परंतु हात लावण्याचा धीर नाही. बाईंनी कुकर चढविला. वेळ गेला, शिट्टी होईना. झाकणाच्या कडेने फुसफुस वाफ जाऊ लागली. बाईंनी गॅस बंद केला, कुकर निवू दिला, पंतांकडून झाकण उघडवून घेतले, आणि कडेची रबरी रिंग नखाने उचकटून काढिली. मग रिंगेखालच्या खाचेतून एक बोट सावकाश फिरविले. अर्ध्या वाटेवर बोट थांबले. कालच्या भाताचे एक वाळलेले शीत तेथे चिकटले होते. ते काढून टाकिले, रिंग बसविली, झाकण लाविले, आणि पाच मिनिटांत शिट्टी ऐसी वाजली की चिमण्या उडाल्या. बाईंनी डाळीस फोडणी द्यावयास घेतली. ही त्यांची नित्याची गोष्ट, महिन्यातून दोनदा घडणारी. परंतु पंत पाटावर ताठ बसले होते आणि कुकराकडे दैवी चमत्काराकडे पाहावे तैसे पाहत होते. एका शिताने एवढी वाफ फिरविली! बाहेरून कितीही आवळा, आतल्या खाचेत शीत आहे तोवर वाफ वाट काढणारच. मग पंत उठले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कुमुद, एकादशीला तू हेच म्हणत होतीस ना?"

बाई फोडणीकडे पाहत म्हणाल्या, "हेच. पण तुमचं खातं वेगळं होतं."

"ते खातं आजपासून तुझ्याकडे वर्ग केलं," पंत म्हणाले. "चल."

दोघे गॅलरीत गेली. पट्टी, सुतळी, सफेदा, सर्व पंतांनी खरवडून काढिले. नट हाती घेऊन वरचे वायसर काढिले, मग खालचे उचकटले आणि नट बाईंपुढे धरिला, कारण पंतांच्या डोळ्यास खाच दिसेना. बाईंनी चष्मा कपाळावर सरकविला, डोळे मिटले आणि सुजल्या पेराचे ते बोट नटाच्या पोटात फिरविले. त्या बोटाने एकेचाळीस वर्षे तांदळातला खडा धरिला होता, रांगोळीची चिमूट सोडिली होती, तापलेल्या कपाळाचा ताप मोजिला होता. वरवंटा त्यास आता पेलत नव्हता, परंतु कण अद्याप कळत होता. "आहे," बाई म्हणाल्या. "इथं आहे काहीतरी." मग नखाने हलकेच उकरून जे बाहेर आणिले ते तळहातावर ठेविले. तांदळाचा दाणा. पाण्याने फुगलेला, आवळून आवळून चपटा जाहलेला, आणि एका अंगास अद्याप कुंकवाचा लाल रंग.

ऐसा तो इवला दाणा. त्याने पट्टी हरविली, सुतळी हरविली, सफेदा व पाना हरविले, एक छत पिवळे केले, दोन घरांत वितुष्ट येऊ घातले, आणि यंत्र घराबाहेर काढण्याची वेळ आणिली. पंत त्याकडे पाहत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की हा दाणा कोणाच्या मुठीतून पडला. "ही तर," पंत म्हणाले, "नवमीची अक्षत." बाई म्हणाल्या, "नवमीचीच." आणि हसल्या नाहीत, हसण्याचा हक्क असता जी हसत नाही तिचे उपकार फेडावयास सात जन्म पुरत नाहीत.

तोच जिन्यात पावले वाजली आणि गुलाबराव आले. गॅलरीत दोघे वाकून उभी पाहून म्हणाले, "काय आप्पा, घावलं का काय?" बाईंनी मूठ मिटली, जितकी मिटत होती तितकी, आणि चटकन म्हणाल्या, "काही नाही भाऊ, टाकीतला कचरा अडकला होता." धन्याची लाज राखावी म्हणून त्या बोलल्या. परंतु पंतांनी हात पुढे करून बाईंचे बोट न् बोट अलगद उघडिले आणि म्हणाले, "कचरा नाही, गुलाबराव. अक्षत आहे. माझ्याच हातची. पूजा मी केली, चुकलो मी, आणि सापडवली हिनं. ही पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी ऐकलं नाही." गुलाबराव दाण्याकडे पाहत राहिले, मग पंतांकडे, आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या. हसू आवरून म्हणाले, "आप्पा, पोरीच्या लग्नाला पयल्या अक्षता तुमच्याच हातच्या. पर एक हाय, नळापासनं लांब हुबं ऱ्हावा." मग तिघेही हसले, आणि पंतांच्या डोळ्यांत हसताना पाणी आले ते कोणी पुसले नाही.

मग एकच वायसर, खाच स्वच्छ पुसून, बसविले. नट हातानेच आवळला, पाना नाही, पट्टी नाही, सुतळी नाही. खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरिले. तोटी खोलण्याचा मान पंतांनी बाईंस दिला. त्यांनी तळहाताने दांडी ढकलली, पाणी गुरगुरत पाईपात उतरले, आणि तिघे श्वास धरून नटाकडे पाहत राहिले. एक घटका गेली. वर्तमानपत्रावर एकही अक्षर भिजले नाही. काचेच्या आत चादर फिरू लागली. बाईंनी पाट ओढिला आणि पूर्वीसारख्या समोर बसल्या, आणि या खेपेस पंतांनी दुसरा पाट आणून शेजारी मांडिला. गुलाबरावांनी छताच्या कोपऱ्यास मोतिया रंगाचा हात पुन्हा फिरविला, आणि द्वितीयेचा साखरपुडा त्याच खोलीत कोरडा पार पडला. तो दाणा तुळशीच्या वृंदावनात ठेविला.

पुढे वर्ष गेले, शके एकोणीसशे सत्तेचाळीसची खंडेनवमी आली. बाईंनी कुंकवाची वाटी आणि अक्षता काढून ठेविल्या आणि भीत भीत गॅलरीकडे पाहिले. परंतु पंत गॅलरीत गेले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात पाट मांडिला, बाईंस त्यावर बसविले आणि म्हणाले, "हात पुढे कर." "अहो, हे काय वेड?" बाई म्हणाल्या, परंतु हात पुढे केले. पंतांनी त्या दोन सुजल्या हातांवर कुंकू लाविले, प्रत्येक पेरावर एक बोट, आणि तळहातावर अक्षता वाहिल्या, मूठभर नव्हे, मोजून पाच. मग नमस्कार केला, पूजा उतरविली, आणि ते दाणे पुन्हा एकेक करून मोजून उचलले. पाच वाहिले, पाच परत घेतले, आणि मगच पंत पाटावरून उठले.

येणेप्रमाणे गळती लागली आणि गळती मोडली. राज्य पूर्वस्थळी आले, तोटी कोरडी आहे, बाईंचे हात आहेत तैसेच आहेत आणि त्यांस विसावा आहे. वर्तमान घडले ते इतके. लेखनसीमा.